भुताला जागा द्या: मुंबईत घडणारी भयकथा लिहिताना

घरात काहीतरी आहे हे कळल्यावरही ती माणसं तिथून निघून का जात नाहीत? भयकथेच्या वाचकाचा हा सर्वांत जुना प्रश्न. वाड्यातली किंवा आडगावातली कथा असेल तर लेखकाला त्यासाठी पाऊस पाडावा लागतो, पूल वाहून न्यावा लागतो, नाहीतर म्हातारी आत्या अंथरुणाला खिळवावी लागते. मुंबईत उत्तर तयारच असतं. डिपॉझिट अडकलंय. कर्जाचे हप्ते अजून सतरा वर्षं आहेत. खोली पागडीची आहे आणि आपण बाहेर पाऊल टाकलं की मालक कुलूप घालायला टपलेलाच आहे. दोन महिन्यांनी मुलीची दहावी आहे. नवरा-बायको रात्री कुजबुजत हिशोब करतात आणि ठरवतात की राहू या, होईल सवय. हा हिशोब नीट लिहिता आला तर अर्धी भयकथा तिथेच झाली.

दिवाळी अंकांच्या मोसमात मुंबईतल्या भयकथा पुष्कळ लिहिल्या जातात. त्यातल्या बऱ्याच गावाकडच्याच असतात, फक्त वाड्याच्या जागी फ्लॅट आलेला असतो. वीज जाते, कुत्रं रडतं, पांढऱ्या साडीतली बाई जिन्यात उभी राहते आणि शेवटी वॉचमन सांगतो की त्या घरात तर दहा वर्षांपूर्वीच… अशी कथा उचलून नागपुरात किंवा नाशकात ठेवली तरी एक शब्द बदलावा लागत नाही. म्हणजे शहर कथेत आलेलंच नाही. ज्यांना शहर कथेत आणायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं, की मुंबईत भुताचं आणि माणसाचं भांडण जागेवरून असतं. इथे मेलेला माणूस सूड घ्यायला येतो त्यापेक्षा हक्क सांगायला येतो, हे जास्त पटतं.

आधी पत्ता, मग भूत

‘मुंबईतल्या एका इमारतीत’ अशी सुरुवात करू नका. कुठल्या स्टेशनाच्या कुठल्या बाजूला, किती मजली, कधीची, मालकीची की भाड्याची, पाणी किती वाजता येतं, हे आधी स्वतःच्या वहीत लिहा. कथेत सगळं येणार नाही, यायलाही नको. पण इमारतीचा प्रकार बदलला की भीतीचा प्रकार बदलतो, आणि भुताची निवड त्यानंतरच करता येते.

चाळीत कोणी एकटं नसतं. दार दिवसभर उघडं, शेजारणीला घरातल्या डब्यांची जागा माहीत. अशा ठिकाणी ‘एकटेपणाची भीती’ लिहायला गेलात तर ती खोटी वाटेल. चाळीतली खरी एकटी वाट एकच, रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायची. वीसेक बंद दारं ओलांडायची आणि प्रत्येक दाराआड कोण झोपलंय हे माहीत असायचं. त्यातलं एखादं दार उघडं दिसलं आणि आतलं माणूस ओळखीचं नसलं, तर किंकाळीची गरज पडत नाही.

1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या 160 चौरस फुटांच्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथे त्यांचा पुनर्विकास सुरू आहे आणि त्या खोल्यांच्या बदल्यात 500 चौरस फुटांची घरं उंच टॉवरमध्ये, सोडत काढून दिली जात आहेत. हा बदल चांगला की वाईट यावर भाषण नको, पण भयकथेच्या लेखकाने तो नीट पाहावा. तीन पिढ्या ज्यांची भिंत आपल्या भिंतीला लागून होती ते शेजारी आता सोळा मजले वर गेले. दार लावून घ्यायची सवय नसलेल्या आजीला आता दिवसभर बंद दारामागे बसायचं आहे. ती रात्री पलीकडच्या भिंतीवर टकटक करते, कारण साठ वर्षं तशीच करत आली. आणि एका रात्री पलीकडून, जिथे अजून कोणी राहायलाच आलेलं नाही तिथून, तशीच टकटक परत येते. आजी घाबरत नाही, खूश होते. घाबरते ती सून. भीती कोणाला वाटते आणि कोणाला वाटत नाही, या फरकात कथा पुढे सरकते.

पागडीच्या जुन्या इमारतींचं प्रकरण वेगळं. दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, महापालिका ‘सी-1’ ठरवलेल्या इमारतींना नोटिसा लावते, आणि दरवर्षी काही कुटुंबं तिथेच राहतात. घर सोडलं तर हक्क जाईल, संक्रमण शिबिरात गेलं तर परत कधी यायला मिळेल कोण जाणे, ही त्यांची भीती भुताच्या भीतीपेक्षा मोठी असते. अशा घरात भिंतीतून रात्री येणारा आवाज हा भुताचा असावा अशी माणसं मनातून प्रार्थना करत असतील, कारण दुसरी शक्यता जास्त भयंकर आहे. मला वाटतं मुंबईची सर्वोत्तम भयकथा याच एका वाक्यात दडलेली आहे, आणि ती अजून कोणीतरी लिहायची आहे.

टॉवरमध्ये रिफ्यूज फ्लोअर असतो. आगीच्या वेळी माणसांना थांबता यावं म्हणून मोकळी सोडलेली ती जागा. लिफ्ट तिथे सहसा थांबत नाही. कित्येक इमारतींत तेरावा मजला आकड्यांतून गाळलेला असतो, बाराच्या वर थेट चौदा. बांधकाम चालू असताना दर्शनी भागावर काळी बाहुली टांगलेली असते, आणि कोट्यवधींचे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरालाही ती काढायचा धीर होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, न मिळालेल्या इमारतींत हजारो कुटुंबं राहतात. कागदोपत्री ती इमारत अजून पूर्ण झालेली नाही. जी इमारत नाही तिच्यात माणसं राहू शकतात, तर जो माणूस नाही तो का राहू शकणार नाही?

अंधार मिळणार नाही

‘तेवढ्यात लाईट गेले’ हे वाक्य मुंबईच्या कथेत जपून वापरा. शहरात भारनियमन जवळजवळ नसतं. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बिघडून मुंबईची वीज गेली तेव्हा ती देशभरातली बातमी झाली. तुमच्या पात्राच्या घरातली वीज सोयीस्करपणे गेली तर मुंबईकर वाचक आधी विचारेल, फक्त यांचीच कशी गेली? मग त्याचं उत्तर कथेत असलं पाहिजे. म्हणून उजेडात घाबरवायला शिका. ट्यूबलाईटच्या पांढऱ्या उजेडात, टीव्ही चालू असताना, खालून रिक्षांचे हॉर्न येत असताना जे दिसतं ते नाकारता येत नाही. अंधारात पाहिलेलं निदान भास म्हणून सोडून देता येतं.

आवाजाचंही तसंच. शांतता पसरवण्याच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा ओळखीच्या गोंगाटातला एक आवाज चुकीचा करा. रोज पाचव्या मजल्यावर थांबणारी लिफ्ट आज थांबून दार उघडते आणि बंद होताना कुरकुरते तशी कुरकुरत नाही. कावळे संध्याकाळी त्या एका खिडकीच्या जाळीवर बसत नाहीत. एवढं पुरतं.

अंधार हवाच असेल तर इतिहासात शोधा. मुंबईच्या लोकल पूर्वी डीसी विजेवर धावत, नंतर टप्प्याटप्प्याने सगळ्या मार्गांवर एसी आली आणि हे काम 2016 मध्ये हार्बरवर संपलं. मधल्या वर्षांत जिथे एक वीज संपून दुसरी सुरू व्हायची तिथे डब्यातले दिवे आणि पंखे काही क्षण बंद पडत. गर्दीने भरलेला डबा, अंधार, पंख्यांची घरघर थांबलेली आणि कोणीच काही बोलत नाही, कारण सगळ्यांना सवय. 2010 सालची कथा लिहीत असाल तर हा क्षण फुकट मिळालेला आहे. दिवे गेले तेव्हा समोर बसलेली माणसं तीन होती, आले तेव्हा चार. चौथा खिडकीपाशी बसून पेपर वाचतोय आणि पेपर आजचाच आहे.

लोकलवर लिहिणार असाल तर एक काळजी घ्या. लोकलबद्दल वाचकाला तुमच्याइतकंच माहीत असतं, बहुधा जास्तच. रात्री उशिरा लेडीज डब्यात एकटी मुलगी हे दृश्य सगळ्यांना सुचतं, पण रात्री त्या डब्यात बंदोबस्ताला पोलिस असतो हे निम्मे लेखक विसरतात. त्याला विसरण्याऐवजी वापरा. पोलिस दाराशी उभा आहे, मुलीला धीर वाटतोय, आणि तीन स्टेशनं गेल्यावर तिच्या लक्षात येतं की प्रत्येक स्टेशनावर तो खाली उतरून पुढच्या डब्यातून पाहणी करून येतो, पण परत चढताना त्याचा चेहरा थोडा वेगळा असतो. शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेची पहिली येईपर्यंत स्टेशन काही तास रिकामं असतं. झोप लागून गाडीबरोबर कारशेडमध्ये गेलेला माणूस हीसुद्धा खऱ्या आयुष्यातली गोष्ट. यात भूत घालण्याआधी तो माणूस तिथून बाहेर कसा येतो, कोणाला हाक मारतो, रुळांवरून कुठल्या दिशेला चालतो, हे कुठल्याही जुन्या मोटरमनला किंवा गार्डला विचारून घ्या.

रोजच्या रेल्वेप्रवासाच्या बाबतीत एक जुनी अमेरिकन कथा वाचण्यासारखी आहे, फ्रिट्झ लायबरची ‘स्मोक घोस्ट’, 1941 सालची. कथेचा नायक रोज उंचावरच्या रेल्वेने घरी जाताना गच्च्यांवर पडलेलं एक काळं, गाठोड्यासारखं काहीतरी पाहतो. रोज ते थोडं जवळच्या गच्चीवर असतं. लायबरचं भूत काजळीचं आणि धुराचं आहे. सरदारांच्या किल्ल्यातलं जुनं भूत त्याने नव्या शहरात आणून सोडलं नाही, कारखान्यांच्या शहराने स्वतःचं भूत कसं जन्माला घातलं असतं याचा त्याने विचार केला. आपण तोच विचार करायचा. मुंबईचं भूत कशाचं बनलेलं असेल? सिमेंटच्या धुळीचं? मिठी नदीच्या गाळाचं? देवनारच्या कचऱ्याचं?

नळातून काय येतं

माझं उत्तर पाण्याचं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

हिदेओ नाकाताचा ‘डार्क वॉटर’ हा 2002 चा जपानी चित्रपट कोजी सुझुकीच्या कथेवर बेतलेला आहे. घटस्फोटाच्या भांडणात सापडलेली आई लहान मुलीला घेऊन जुनाट इमारतीत राहायला येते आणि छतावर ओल दिसायला लागते. डाग वाढत जातो. वरच्या मजल्यावरचं घर बंद आहे, इमारत सांभाळणारा दाद देत नाही. चित्रपट पाहताना मुंबईकराला भुताच्या आधी हा सगळा व्यवहार ओळखीचा वाटतो. वरच्या घरातून गळती, सोसायटीच्या कमिटीकडे तक्रार, वरचा म्हणतो बाहेरच्या भिंतीतून येतं, कमिटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत अशी एक फाईल असते.

पण मुंबईच्या पाण्याची गोष्ट याहून लांबची आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा दूर ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांत. तानसाचं पाणी 1892 पासून येतंय. धरणं झाली तेव्हा जमिनी पाण्याखाली गेल्या, वस्त्या हलल्या. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जातं तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. आता कथेच्या लेखकाने पाहायचं ते हे, की एका बुडालेल्या जागेवरून निघालेलं पाणी शंभर किलोमीटर जलवाहिनीतून येतं, पंपाने वर चढतं, गच्चीवरच्या टाकीत थांबतं आणि अंधेरीतल्या अकराव्या मजल्यावर एका बाळाच्या आंघोळीच्या टबात पडतं. भुताला घरात शिरायला दारच लागतं असं कुठे आहे?

याच शहरात ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झालं अशी बातमी पसरली आणि शेकडो माणसं बाटल्या घेऊन ते प्यायला धावली. सांडपाणी मिसळणाऱ्या खाडीचं ते पाणी पिऊ नका, असं पालिका ओरडून सांगत होती. 2001 च्या उन्हाळ्यात दिल्लीकर गच्च्यांवर फिरणाऱ्या ‘मंकी मॅन’ला घाबरून रात्र रात्र जागले होते. अफवा हा महानगराचा खास भयप्रकार आहे आणि मराठी भयकथेने तो फारच कमी वापरलाय. यात भूत एकालाही दिसावं लागत नाही. सगळ्यांनी ऐकलेलं असलं की पुरे. अशी कथा लिहायची तर एकच निवेदक ठेवू नका. दूधवाला, शाळेच्या बसमधली ताई, जिममधला ट्रेनर, प्रत्येकाकडून गोष्ट थोडी बदलून येऊ द्या.

भुताचे कागदपत्र

मोबाईलचं काय करायचं हा नव्या लेखकांचा नेहमीचा त्रास. ‘नेटवर्क नव्हतं’ हे उत्तर मुंबईत एकदाच चालेल. फोन काढून घेण्यापेक्षा त्याच्या हातीच भुताचं काम द्या. आता बहुतेक मोठ्या सोसायट्यांत गेटवर अ‍ॅप असतं. कोण आलं, कधी आलं, आत सोडायचं की नाही, हे फोनवर विचारलं जातं. कामाला येणाऱ्या बाईंची नोंद रोज सकाळी सात-चाळीसला ‘आत आल्या’ अशी येते. बाईंना जाऊन तीन आठवडे झालेत. तुम्ही गेटवर जाऊन सांगता, वॉचमन म्हणतो, सिस्टीमचा घोळ असेल. चौथ्या आठवड्यात ‘बाहेर गेल्या’ ही नोंद येणं बंद होतं.

लाईट बिल, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, शेअर सर्टिफिकेटवरची नावं, भाडेकराराच्या अकरा महिन्यांच्या नोंदी, वॉचमनची वही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मुंबईतलं आयुष्य या कागदांवर चालतं, तर भुतानेही त्यावर उमटायला हवं. कुलूपबंद फ्लॅटचं बिल दर महिन्याला तीस युनिटनं वाढतंय, एवढ्यावर एक कथा उभी राहते. पूर्ण कथा सोसायटीच्या सहा सभांच्या इतिवृत्तांतून सांगता येईल. त्या रुक्ष सरकारी मराठीत ‘जिन्यातील प्रकाराबाबत चर्चा झाली व विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात आला’ असं वाक्य आलं की वाचकाला आधी हसू येतं आणि मग येत नाही. एक पथ्य पाळा, पहिल्या दोन इतिवृत्तांत फक्त पार्किंग आणि गळती असू द्या.

रोजच्या फ्लॅटमधल्या आयुष्यातूनच भीती कशी निघते ते कळायला राम गोपाल वर्माचा 2003 चा ‘भूत’ हा चित्रपट पुन्हा पाहा. गाणी नाहीत, वाडा नाही, उंच इमारतीतला फ्लॅट, खाली वॉचमन, समोर लिफ्ट. आयरा लेव्हिनच्या ‘रोझमेरीज बेबी’त तर शेजारी इतके मदतीला तत्पर असतात की तीच भीती होऊन बसते. आपल्याकडे वाटी घेऊन दारात आलेल्या काकींना नाही म्हणणं किती अवघड असतं ते आठवा.

गावाहून आलेले

गावाकडची भुतं मुंबईत आणूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पण ती इथे कशी आली ते सांगितलं पाहिजे. मुंज्याला पिंपळ लागतो. मेट्रोसाठी पिंपळ मुळासकट उचलून दुसरीकडे लावला तर मुंज्या सोबत जातो की जुन्या जागेवर नवीन स्टेशनात राहतो? (मुंज्याला प्रकल्पग्रस्ताचं प्रमाणपत्र मिळतं का, हाही विनोदी कथेचा चांगला विषय आहे.) गिरगाव, लालबाग, परळमधल्या कोकणी घरांचा गावाशी धागा तुटलेला नसतो, आणि तिथे खरी सामग्री आहे. कोकणात आणि गोव्यात देवचार किंवा राखणदार हा मुळात राखण करणारा. त्याला दरवर्षी त्याचा मान द्यायचा. मुंबईतल्या तिसऱ्या पिढीने गावची जमीन विकली, राखण देणं बंद केलं. आता रात्री विक्रोळीच्या इमारतीखाली काठीचा आवाज येतो. तो त्रास द्यायला आलाय की घराण्यावर अजूनही पहारा देतोय? गावच्या माणसाला हा फरक कळतो, मुंबईच्या नातवाला कळत नाही. मात्र अशा कथेत देवचाराला दात विचकणारा राक्षस करू नका. तो ज्यांचा आहे त्यांना ते खटकेल, आणि कथाही हलकी होईल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या वारली पाड्यांच्या वाघोबा या देवाबद्दलही हेच सांगेन.

शेवटी मांत्रिक आणायची सवय सोडा. कथा म्हणून तो कंटाळवाणा उपाय आहे, आणि महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला मारहाण करणं हा गुन्हा आहे. तुमच्या कथेत तसं घडलं तर शेजारी पोलिसांना फोन करतील, गुन्हा नोंदवला जाईल. ते पुढचं लिहिलंत तर कदाचित भुतापेक्षा जास्त घाबरवणारं काही हाती लागेल.

कोण मेलं, कोण घाबरलं

लिहून झाल्यावर स्वतःच्या कथेला हा प्रश्न विचारा. दर वेळी मरणारी मोलकरीण, बांधकामावरचा मजूर, फुटपाथवरचा मुलगा आणि घाबरणारा मात्र फ्लॅटचा मालक, असं होत असेल तर तुम्ही नकळत बाजू घेतलेली आहे. वरच्या उदाहरणातल्या कामवाल्या बाईंना नाव द्या. त्या कुठून यायच्या, किती घरं करायच्या आणि ‘बाहेर गेल्या’ ही नोंद त्यांना का नको झाली, हे शोधा. कदाचित त्यांना पहिल्यांदाच एका घरात थांबायचं असेल.

खऱ्या दुर्घटनांच्या बाबतीत मी कडक आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात, रेल्वेतल्या बॉम्बस्फोटांत, पुलावरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्यांची माणसं अजून याच शहरात राहतात. आपली कथा त्यांच्या हातात पडेल हे गृहीत धरून लिहा. दूरचा काळ अधिक मोकळीक देतो. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. आकासियो व्हिएगस या गोव्यात जन्मलेल्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला, त्यानंतरची मुंबई हे भयकथेचं न उघडलेलं कोठार आहे. घरझडत्या, चुन्याने रंगवलेल्या खोल्या, ऊन आत यावं म्हणून काढलेली कौलं, आणि रोग्याला रुग्णालयात नेतील म्हणून घरातच लपवून ठेवणारी माणसं. आता रोगी दगावला आहे आणि तरीही शेजाऱ्यांना कळू नये म्हणून घरातले त्याच्याशी मोठ्याने बोलत राहतात. एका रात्री तो उत्तर देतो.

खऱ्या इमारतीचं नाव मात्र घेऊ नका. ‘मुंबईतल्या झपाटलेल्या जागा’ अशा याद्यांत आलेल्या इमारतींत माणसं राहतात, त्यांची घरं विकायला अडतात, मुलांना शाळेत चिडवलं जातं. रस्ता खरा ठेवा, इमारत कल्पनेतली.

भाषेबद्दल थोडंच. भयाण, भेसूर, अमानवी, गूढ हे शब्द पहिल्या खर्ड्यानंतर खोडून टाका. ‘त्या भयाण रात्री एका अमानवी किंकाळीने सगळी चाळ हादरली’ यापेक्षा असं काही लिहून बघा: ‘पहाटे पावणेचारला सुमन नळावर गेली तेव्हा रांगेत तिच्या पुढे एकच हंडा होता. पितळी. त्यावर ठोक्यांनी नाव घातलं होतं. नाव तिचंच होतं, खोलीचा नंबरही तिचाच. साल 1974.’ आणि सगळ्यांना पुस्तकी मराठी बोलायला लावू नका. चाळीतली मालवणी आजी, बिहारी वॉचमन, गुजराती सेक्रेटरी आणि इंग्रजी शाळेतला नातू एका जिन्यात भेटले तर चौघं चार तऱ्हांनी बोलतील.

वाचायचं काय? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचलेले असतीलच. धारपांकडून भीती हळूहळू कशी चढवायची ते घ्या. मतकरी मुंबईचे, अनेक वर्षं बँकेत नोकरी केलेले. साध्या मध्यमवर्गीय घरातूनच अशुभ कसं निघतं ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आजच्यांपैकी हृषीकेश गुप्ते वाचा. पण मुंबईसाठी भयकथा न लिहिणारे लेखक जास्त उपयोगी पडतील, भाऊ पाध्ये, बाबूराव बागूल, जयंत पवार. शहरातली माणसं जागेसाठी एकमेकांना काय करू शकतात हे त्यांनी भुताशिवाय लिहून ठेवलंय.

दिवाळी अंकांचं साहित्य बहुधा पावसाळ्यातच ठरतं, तेव्हा उन्हाळ्यात लिहायला बसा. ऑडिओसाठी लिहीत असाल तर मोठ्याने वाचून पाहा, लांब वाक्यं तिथेच अडकतात. आणि कुठेही पाठवण्याआधी कथा तुम्ही निवडलेल्या भागात राहणाऱ्या एका माणसाला वाचायला द्या. ‘भीती वाटली का’ असं त्याला विचारू नका. ‘यात चुकीचं काय आहे’ ते विचारा. इथे ही गाडी थांबत नाही, आमच्याकडे पाणी संध्याकाळी येतं, या गल्लीत पिंपळ नाही, असं तो जे जे म्हणेल ते सगळं दुरुस्त करा.